यंदा नाही, पुढच्या वर्षी बघू

मास्तरांवर माझा राग आहे. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं बोलायची पद्धत आहे आणि मी बोलणारही आहे. पण राग आहे हे आधी सांगून टाकतो. मालातली खोट आधी सांगितलेली बरी. मी स्वतः ती कधी सांगत नाही, ही गोष्ट वेगळी.

वडील गेले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. शाळा सुटली आणि मी लासलगावच्या कांदा बाजारात हमाली करायला लागलो. पुढे तोलणारा झालो, मग दुसऱ्याच्या नावावर माल घेणारा, मग स्वतःच्या नावावर. आज शहरात द्वारका चौकाच्या पुढे माझं गोदाम आहे. हे सगळं मी घासाघीस करून मिळवलंय. समोरचा 'नाही' म्हणाला की माझ्या लेखी बोलणं सुरू होतं. मास्तरांनी मला एकाच गोष्टीला दहा वर्षं 'नाही' म्हटलं, आणि त्यांचं बोलणं तिथेच संपायचं.

ती गोष्ट म्हणजे दृढीकरण. आमच्यात बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा त्याच्या वतीने आईबाप वचन देतात. पोर जाणतं झालं की तेच वचन त्याने स्वतःच्या तोंडाने द्यायचं. मग बिशप डोक्यावर हात ठेवतात आणि त्या दिवसापासून प्रभुभोजनाला, म्हणजे वेदीपुढे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, जाता येतं. साधारण चौदाव्या वर्षी हे उरकतं. माझ्या चौदाव्या वर्षी मी पाठीवर गोण्या वाहत होतो, त्यामुळे ते राहिलं. पुढे पंचवीस वर्षं मला त्याची आठवणही झाली नाही.

आठवण झाली ती माझ्या मुलीमुळे. तिचं दृढीकरण झालं त्या रविवारी वेदीपुढे जायची वेळ आली तशी बायको उठली, मुलगी उठली, शेजारचे उठले. सबंध बाक रिकामा झाला. मी एकटा बसून राहिलो आणि गुडघ्यावरची धूळ झटकत राहिलो. धूळ नव्हती. परत येताना मुलीने माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. बाजारात लोक मला घाबरतात, तिथे असं कोणी बघत नाही. पुढच्या शनिवारी मी मास्तरांच्या वर्गात जाऊन बसलो.

मास्तर म्हणजे नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. देवळामागच्या पत्र्याच्या खोलीत एकटे राहायचे. (चर्चला आमचे जुने लोक देऊळच म्हणतात, मीही तेच म्हणतो.) दृढीकरणाचा वर्ग त्यांच्याकडे आणि घंटाही त्यांच्याकडे. अंगात पांढरा सदरा, वरची गुंडी लावलेली, आणि हातात सायकल. हातात म्हणजे हातातच. त्या सायकलवर बसलेलं त्यांना कोणी पाहिलं नाही. निवृत्तीच्या दिवशी शाळेतल्या शिक्षकांनी वर्गणी काढून ती दिली होती आणि यांना सायकल येत नव्हती. देणाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून हे रोज ती घेऊन बाहेर पडायचे आणि भाजी आणायला तिच्या बाजूने चालत जायचे. एकदा मी म्हणालो, "मास्तर, देणारे अर्धेअधिक गेले आता. विकून टाका. मी गिऱ्हाईक बघतो."

"अर्धे आहेत ना अजून," मास्तर म्हणाले.

वर्ग शनिवारी चार वाजता भरायचा. लहान मुलांचे ठेंगणे बाक, त्यावर तेरा-चौदा वर्षांची पोरं, आणि त्यांच्यात मी, चाळिशीचा, गुडघे हनुवटीला लागलेले. मास्तर सगळ्यांना 'उमेदवार' म्हणायचे. पोरांनाही उमेदवार, मलाही उमेदवार. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना हे पाठ लागायचंच, पण त्यात त्यांना फारसा रस नव्हता. त्यांचा खरा प्रश्न दर शनिवारी एकच असायचा.

"उमेदवार, या आठवड्यात राग कोणाचा आला?"

पोरं सांगायची, आईचा आला, भावाचा आला, सरांचा आला. माझी पाळी आली की मी सोमवारपासून सुरू करायचो. पहिल्या शनिवारी मी बुधवारपर्यंत पोचलो होतो तेवढ्यात मास्तरांनी हात वर केला.

"बास. पोरांना सहाला घरी जायचंय."

उत्तर ऐकून ते काही बोलायचे नाहीत. उपदेश नाही, वचन नाही. "बरं," म्हणायचे आणि पुढच्याकडे वळायचे. वर्ष संपलं तेव्हा माझं पाठांतर वर्गात सगळ्यांत चोख होतं. मी त्यांना गाठलं आणि विचारलं, "माझं नाव बिशपांकडे पाठवताय ना?"

"यंदा नाही," मास्तर म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

"का? कुठे चुकलो?"

"उत्तरं बरोबर दिलीस. पण दिल्यावर माझ्या तोंडाकडे बघतोस. पटलं का म्हणून. गिऱ्हाईकाकडे बघतोस ना, तसं."

दुसऱ्या वर्षी मी तोंडाकडे बघितलं नाही. वर्षभर खिडकीकडे बघत उत्तरं दिली. "यंदा नाही," मास्तर म्हणाले. "खिडकीकडे बघत होतास."

तिसऱ्या वर्षी मी सरळ व्यवहाराला आलो. देवळाचं छप्पर गळत होतं. मी म्हणालो, "मास्तर, सगळं छप्पर नवीन घालून देतो. पत्रे माझे, मजुरी माझी. आता बोला."

"छप्पर तर हवंच आहे," मास्तर म्हणाले. "मंडळीला फार बरं वाटेल. कधी घालतोस?"

"आणि माझं नाव?"

"नाव यंदा नाही."

तोवर शेजारी उभ्या असलेल्या पाळकांनी माझा हात हातात घेऊन देवाचे आभारही मानले होते. छप्पर घालावं लागलं. ते अजून गळत नाही. पावसाळ्यात वर बघितलं की मला अजून राग येतो.

चौथ्या वर्षी जे झालं ती माझी चूक होती, हे मी मान्य करतो. दरवर्षी आमच्या देवळात हंगामाचा सण असतो. ज्याच्याकडे जे पिकतं ते त्याने वेदीपुढे आणून ठेवायचं: कणसं, तांदूळ, द्राक्षं, कोंबडी, घरचं लोणचं. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो. हा लिलाव उलट्या डोक्याचा असतो. एका लिंबासाठी दोन शहाणी माणसं एकमेकांवर चढत जातात, आणि ज्याला ते लिंबू सोन्याच्या भावाने मिळतं तो हसत घरी जातो. मी आयुष्यभर दुसऱ्या तऱ्हेचा लिलाव केलेला. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढायचं, मूठभर कांदे उचलायचे, एक दाबून बघायचा आणि तोंड वाकडं करायचं. तोंड वाकडं करणं हे अर्धं काम असतं.

मास्तर दरवर्षी एकच वस्तू आणायचे. त्यांच्या खोलीच्या पत्र्यावर चढलेल्या वेलाचा लाल भोपळा. त्या वर्षी मंडळीच्या सेक्रेटरींनी तो उचलून सुरुवातीचा आकडा पुकारला. मी पुढेच उभा होतो. माझा हात आपोआप गेला. भोपळ्यावर दोन टिचक्या मारल्या, देठाला नख लावलं, तोंड वाकडं केलं आणि सगळ्या मंडळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "देठ ओला आहे. आठ दिवस टिकायचा नाही." आणि पुकारलेल्या आकड्याच्या निम्मा भाव बोललो.

अंगणात कोणी हललं नाही. कोंबडी तेवढी ओरडली. सेक्रेटरींचं तोंड उघडं राहिलं. माझ्या बायकोने पदर कपाळापर्यंत ओढला, आणि ती पदर घेणारी बाई नाही.

मागून मास्तरांचा आवाज आला. "बरोबर बोलतोय तो. घाईने काढला मी. देठ ओला आहे."

आता मालकच असं म्हटल्यावर वर कोण चढणार? हंगामाच्या सणाला पुकारलेल्या भावाखाली गेलेली ती पहिली वस्तू. भोपळा माझ्याच गळ्यात पडला. बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, आणि भोपळा कापलाही नाही. कोपऱ्यात तसाच ठेवला, मला दिसेल असा. तो नाताळपर्यंत टिकला. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला तरी ठणठणीत होता. माझा अंदाज चुकला होता. मालाच्या बाबतीत माझा अंदाज चुकत नाही, त्यामुळे हे मी कोणाला सांगितलं नाही. मास्तरांनाही नाही.

त्या वर्षी त्यांना नाव विचारायला गेलो तेव्हा त्यांनी मला चहा दिला, बिस्किटं दिली. मग यंदा नाही म्हणाले.

पाचव्या वर्षी मात्र त्यांनी हद्द केली. माझ्या गोदामात रावजी नावाचा मजूर आहे. पेठकडच्या डोंगरातला. भाताची कापणी झाली की खाली येतो, चार-पाच महिने कांदे निवडतो, गोण्या भरतो आणि पावसाच्या आधी परत जातो. त्याचं घराणं दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती, पण वर पाड्यावर पाळक वर्षातून एकदा येणार. म्हणून इथे असला की तो रविवारी आमच्या देवळात यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा. शनिवारी दुपारी तो गोदामातून तासभर गायब व्हायचा. मला वाटायचं तंबाखू आणायला जातो. तो मास्तरांकडे जात होता. मी चारच्या वर्गाला, हा तीनच्या. याला वाचता येत नव्हतं म्हणून याचा वर्ग वेगळा.

त्या वर्षी पाळकांनी नावं वाचली. रावजीचं होतं. माझं नव्हतं. बिशपांनी माझ्या हमालाच्या डोक्यावर हात ठेवला, तो वेदीपुढे गेला, आणि मी बाकावर बसून बघितलं.

सोमवारी गोदामात मी त्याला बोलावलं. "काय रे, मास्तर काय विचारायचे तुला?"

"राग कुणाचा येतो, इचारायचे," रावजी म्हणाला.

"मग तू काय सांगायचास?"

रावजीने पायाने जमिनीवरची कांद्याची साल बाजूला केली. "तुमचा, शेठ."

"दर आठवड्याला?"

"दर आठवड्याला."

"मग मास्तर काय म्हणाले?"

"म्हनले, त्यांच्यासाठी रोज देवाकडं माग. मागतोय, शेठ. दोन सीझन झाले. वर गावाला गेलो तरी मागतो. बायको पन मागती."

त्या दिवशी मी त्याला काहीही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बोललो. गोणी फाटली होती.

मास्तरांना मात्र त्याच संध्याकाळी गाठलं. मी फार ओरडलो. माझ्या पगारावरचा माणूस माझ्या आधी पास करता, लोक मला हसतात, तुम्हाला छप्पर चालतं आणि मी चालत नाही, असं बरंच काही. मास्तर वेलाला पाणी घालत होते. माझं संपलं तेव्हा म्हणाले, "घंटेची वेळ झाली. येतोस? माझा खांदा धरलाय."

मी गेलो. का गेलो ते माहीत नाही. ओरडून झालं होतं आणि दुसरं काम नव्हतं. दोर हातात घेतला आणि धडाधड ओढला. मास्तरांनी माझं मनगट धरलं.

"हळू. लिलाव नाही हा. एकदा ओढ. मग आवाज पूर्ण विरू दे. मग दुसऱ्यांदा."

"किती वेळ लागेल अशाने?"

"लागू दे. लोक अजून केस विंचरतायत."

तेव्हापासून मी अधूनमधून दोर धरायला लागलो. साथीच्या वर्षी देऊळ बंद झालं, माणसाने माणसाजवळ जायचं नाही असा हुकूम निघाला, तरी मास्तर दर रविवारी आठला घंटा वाजवायचे. एकदा हवालदार आला. "बाबा, येणार कोणी नाही, मग घंटा कशाला?"

"न येणाऱ्यांनाही वेळ कळायला नको?" मास्तर म्हणाले.

हवालदाराने मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि निघून गेला. त्याच वर्षाच्या शेवटी मास्तरांचा खांदा पुरता गेला आणि घंटा माझ्याकडे आली. रविवारी बाजार बंद असतो, त्यामुळे अडचण नव्हती. पहिली घंटा साडेसातला, दुसरी आठला. मला वाटलं होतं महिनाभरात कंटाळेन. कंटाळलोही. पण घंटा वाजवणारा कंटाळला म्हणून रविवार थांबत नाही, म्हणून जात राहिलो. पुढे कंटाळा यायचाही बंद झाला.

घंटा वाजवून मी आत येऊन शेवटच्या बाकावर बसायचो. मास्तर माझ्या डाव्या हाताला. हे पहिल्या वर्षापासूनच. लोक भाकर आणि द्राक्षरस घ्यायला पुढे जायचे तेव्हा आम्ही दोघेच मागे उरायचो. मला वाटायचं, त्यांचे गुडघे धरलेत, पाळक नंतर खोलीवर नेऊन देत असतील. कधीकधी असंही वाटायचं की मी रागाने उठून जाऊ नये म्हणून पहाऱ्याला बसतात. एकदोनदा मी तसा गेलो होतो.

अकराव्या वर्षी उपवासकाळात घंटेचा दोर झिजला. लासलगावहून मी चांगला जाड दोर आणला, गाड्या आवळायला वापरतात तसला, आणि शनिवारी मास्तरांकडे गेलो. गाठ कुठे मारायची, लांबी किती ठेवायची, यावर आमचा तासभर वाद झाला. दोर बांधून झाला, एकदा ओढून बघितला, आणि मी निघालो.

"उमेदवार," मास्तरांनी हाक मारली. "काही विसरलास का?"

मी खिसे चाचपले. किल्ल्या होत्या, मोबाइल होता. "नाही. का?"

"काही नाही. जा."

तो नावं पाठवायचा शनिवार होता. दहा वर्षं त्या शनिवारी मी नाव विचारत आलो होतो. हे माझ्या लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी, पाळकांनी यादी वाचली तेव्हा. शेवटचं नाव माझं होतं.

बिशप आले. सहा पोरं आणि मी. बिशपांचा हात डोक्यावर आला तेव्हा तो मला वाटला होता त्यापेक्षा जड वाटला. मग प्रभुभोजनाची वेळ झाली. मी मागे जाऊन बसलो होतो, सवयीने. मास्तरांनी कोपराने ढोसलं.

"ऊठ."

मी उठलो, तर तेही उठायला लागले.

"तुम्ही कुठे? गुडघे—"

"चल."

माझ्या खांद्याला धरून ते सबंध देऊळ चालून पुढे आले. वेदीपुढे उभं राहूनही घेता येतं, म्हातारी माणसं तसंच घेतात. मास्तर गुडघ्यांवर बसले. बसायला त्यांना इतका वेळ लागला की पाळक भाकर हातात धरून थांबून राहिले. त्यांनी आधी मला दिली, मग मास्तरांना. मास्तर लगेच उठले नाहीत. मला वाटलं, गुडघ्यांमुळे.

बाहेर आलो तेव्हा बायको डोळे पुसत होती. मी म्हणालो, "एवढं काय त्यात? झालं एकदाचं."

"तुमच्यासाठी नाही रडत," ती म्हणाली. "मास्तरांनी अकरा वर्षांनी घेतलं आज."

मला कळेना. तिने सांगितलं. वर्गातला कोणी मागे ठेवला की त्याचं होईपर्यंत मास्तर स्वतः वेदीपुढे जात नसत. जुन्या पाळकांनी समजावलं, नव्यांनी समजावलं. शिकवणारा मी आहे, म्हणायचे, तो बसलाय तर मीही बसतो. आधीही असं करायचे. पण तोवर कोणी एका वर्षापेक्षा जास्त लावलं नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं. त्यांनीच बजावलं होतं, याला सांगायचं नाही."

कोणत्या बाजारात सकाळी काय भाव फुटला हे मला घरबसल्या कळतं. आणि अकरा वर्षं माझ्या डाव्या हाताला बसलेला माणूस कशासाठी बसलाय हे मंडळीतल्या शेंबड्या पोराला माहीत होतं, मला नव्हतं. मी तसाच घंटेपाशी गेलो. मास्तर नव्या दोराची गाठ बघत उभे होते.

"हे मला सांगायचं होतं," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "पहिल्याच वर्षी सांगायचं होतं. मी काहीतरी केलं असतं."

"काय केलं असतंस?"

"तुम्ही म्हणाल ते! सुधारलो असतो. तोंडावर तरी सुधारलो असतो!"

"म्हणूनच," मास्तर म्हणाले.

"हे बरोबर नाही केलंत तुम्ही. याच्यावर मी भांडणार आहे."

"यंदा नाही," मास्तर म्हणाले आणि दोर माझ्या हातात दिला. "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षाआधीच ते गेले. घंटा मीच वाजवली, एकदा ओढून, आवाज पूर्ण विरू देऊन, मग दुसऱ्यांदा. भांडण राहिलं ते राहिलंच. वर भेट झाली की पहिलं तेच काढणार आहे. भोपळ्याचंही सांगणार आहे. तोपर्यंत हा राग टिकवून ठेवायला हवा, आणि अलीकडे ते जड जातं. रविवारी डाव्या हाताची जागा रिकामी दिसली की राग बराचसा उतरतो आणि सोमवारी तो पुन्हा गोळा करावा लागतो.

या हंगामाला रावजी डोंगरातून आला, तो पहिल्याच दिवशी गोदामाच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"शेठ, एक इचारू? मास्तर तर गेले, म्हनून तुमालाच इचारतो."

"विचार."

"ते तुमच्यासाठी रोज देवाकडं मागायचं होतं ना. लय वर्सं झाली. आता तुमचं नाव बी लागलं, भोजन बी झालं. मंग बंद करू का?"

मागे कोणीतरी गोणी आपटली होती आणि कांदे सगळ्या फरशीवर पसरले होते. मी ओरडायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

"यंदा नको," मी रावजीला म्हणालो. "पुढच्या वर्षी बघू."